पोरांना बोलतं करायचं आणि जगाशी जोडायचं : खान्देशातल्या खासगी शाळांनी नेमकं काय करावं?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातली खासगी शाळा डोळ्यांसमोर ठेवा. पाचवी ते आठवी, तुकडीत 40 मुलं, निम्मी बसने येणारी. बहुतेकांच्या घरी अहिराणी, काहींच्या घरी लेवा बोली, पावरी, उर्दू, मारवाडी. शाळेच्या माहितीपत्रकात 'आत्मविश्वास' आणि 'जागतिक दृष्टी' हे शब्द असतातच. ते खरे करायचे तर वेळापत्रकात, पैशात आणि माणसांत काय बदलावं लागतं, यावर जाणकारांनी लिहावं.

विनंती एकच. 'पोषक वातावरण हवं' असं मोघम नको. किती मिनिटं, किती मुलं, कोण करणार आणि कुठे फसतं ते लिहा. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवता यावं.

खडूफळा

तापीकाठ भाऊ, आधी पाळ्या मोजा. गॅदरिंगचं निवेदन, 26 जानेवारीचं भाषण, पाहुण्यांचं स्वागत या सगळ्यांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की तीच चार-पाच नावं फिरून फिरून दिसतात. बाकीची 35 मुलं वर्षभर हजेरीला 'हजर' म्हणतात आणि खाली बसतात. त्यांना भीती वाटते कारण पाळीच आलेली नसते.

म्हणून रोज पहिल्या तासातली 8 मिनिटं काढा. तीन मुलं, प्रत्येकी 90 सेकंद, आणि प्रत्येकाला वर्गातून एकच प्रश्न. 40 मुलांची फेरी 14 दिवसांत पुरी होते. परीक्षा, सणवार वजा जाता 180 दिवस धरले तरी एका मुलाला वर्षात 13 पाळ्या मिळतात, आणि पाचवी ते आठवी धरून पन्नासावर. हजेरीपटाच्या शेवटच्या रकान्यात तारीख टाकत गेलं की कुणी सुटत नाही. गैरहजर मुलाची पाळी दुसऱ्या दिवशी, बुडवायची नाही.

पहिल्या फेरीला जागेवर बसून, हातात घरची एखादी वस्तू घेऊन बोलायचं. हातात वस्तू असली की नजर आणि बोटं दोन्ही गुंततात, आवाज आपोआप सुटतो. दुसरीला जागेवर उभं राहून, तिसरीला फळ्यापाशी, चौथीला वस्तूशिवाय. पाचव्या फेरीपासून प्रश्नांना खरं वजन द्यायचं.

फसतं ते असं. पालक घरी भाषण लिहून देतात आणि मूल घोकून येतं. त्यावर उपाय म्हणजे चिठ्ठीवर तीनच शब्द चालतील, वाक्य नाही. दुसरं, शिक्षक मधेच व्याकरण सुधारतात. मूल तिथेच थिजतं. चुका वहीत टिपून ठेवा आणि शेवटी एकट्याला बोलावून त्यातली एकच सांगा. तिसरं, वर्ग हसतो. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव चिठ्ठी काढून ठरवलं की हसणारेही कान देऊन ऐकतात, कारण चिठ्ठी त्यांची निघू शकते.

आणखी एक. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात? मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या वर्गांचा अभ्यास केला तेव्हा हे थांबणं सरासरी सेकंदभराचं निघालं. ते 3 सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब होतात आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. मनात 'एक केळी, दोन केळी, तीन केळी' म्हणा आणि मगच पुढच्या मुलाकडे वळा. यात एक पैचा खर्च नाही.

गिरणाई

खडूफळा सर, पाळ्यांचं पटलं. पण पालक एवढी फी भरतात ती इंग्रजीसाठी. वर्गात अहिराणी चालू दिली तर पहिल्याच महिन्यात तक्रारी येतील. उद्या पोरं पुण्या-मुंबईला गेली की इंग्रजीलाच अडणार ना? दोन्ही कसं सांभाळायचं?

खडूफळा

गिरणाई ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे. पालकांची काळजी खोटी नाही, तिला उत्तर द्यायलाच हवं.

एकच विषय दोन पाळ्यांत वाटायचा. पहिली पाळी घरच्या बोलीत, 14 दिवसांनी तोच विषय इंग्रजीत. समजा विषय सायकलचं पंक्चर. पहिल्या दिवशी मूल म्हणेल, 'माले पंक्चर काढता येस. ट्यूब पानीमा टाकी की बुडबुडा निंघतस.' मग घासपेपर, सोल्यूशन, सोल्यूशन सुकेपर्यंत थांबणं, ठिगळ, वरून ठोकणं. क्रम पक्का, हात हवेत चालू. मधल्या दोन आठवड्यांत इंग्रजीच्या तासाला त्याला सहा-सात शब्द द्यायचे : बबल, पॅच, रफ, प्रेस, ड्राय, लीक. दुसऱ्या पाळीला सांगण्यासारखं आधीच तयार असतं, फक्त शब्द बदलायचे असतात. पहिल्या दिवसापासून इंग्रजीतच बोलायला लावलं की मूल 'माय नेम इज'च्या पुढे जात नाही, कारण मजकूर आणि भाषा दोन्हींचा भार एकाच वेळी पडतो.

मराठी किंवा अहिराणी बोलल्याबद्दल 10 रुपये दंड ही पद्धत जिथे असेल तिथे ती आधी बंद करा. आपली बोली लाजेची आहे हे एकदा मनात बसलं की ते मूल परक्या माणसासमोरही आधी स्वतःला झाकतं. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने मराठी शिकवणं सगळ्या मंडळांच्या शाळांना सक्तीचं आहेच. 2020 च्या राष्ट्रीय धोरणातही जमेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. बैठकीत पालकांना हे दाखवा, पण त्याआधी एका मुलाच्या दोन्ही पाळ्या ऐकवा. दोन्ही कानांनी ऐकलं की वाद उरत नाही.

कपाशी_केळी

जगाचं भान म्हणजे झेंडे रंगवणं आणि पास्त्याचा स्टॉल, असं बऱ्याच शाळांत झालं आहे. आपल्या भागात जग बांधावर येऊन उभं आहे, तिथून सुरुवात करा.

सातवी-आठवीच्या गणितासाठी कापूस घ्या. इथला रुईचा भाव खंडीवर चालतो, खंडी 356 किलोची. गाठ 170 किलोची. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात तोच भाव पौंडाला सेंटमध्ये बोलतात. एक पौंड 0.4536 किलो, म्हणजे खंडीत साधारण 785 पौंड. समजा भाव 70 सेंट आणि डॉलर 85 रुपये. 785 गुणिले 0.70 म्हणजे सुमारे 549 डॉलर, रुपयांत 46,700 च्या आसपास. आता हा आकडा त्या दिवशीच्या इथल्या खंडीच्या भावाशेजारी लिहा. फरक का पडतो हे मुलांनी शोधायचं : धाग्याची लांबी, ओलावा, वाहतूक, आयात शुल्क, डॉलरचा चढउतार. एका तासात एकक बदलणं, टक्केवारी आणि जगाचा व्यापार तिन्ही होतात.

त्याला जोडून जिनिंगमध्ये, म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, एक फेरी. कपाशीतून रुई साधारण 34 टक्के निघते, बाकी मुख्यतः सरकी. म्हणजे एका खंडीला साडेदहा क्विंटल कपाशी लागते. हे मुलांनी वजनकाट्यावर पाहावं. इतिहासाच्या तासाला 1861 ते 1865 चं अमेरिकेतलं यादवी युद्ध घ्या. तिकडचा कापूस बंद पडला, लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवलं आणि खान्देशच्या कपाशीला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला. आज भाव पडल्यावर घरात जी चर्चा होते तिची मुळं मुलांना तिथे सापडतात.

केळीचंही तसंच. 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर-यावल भागातून आखातात केळी जाते ती 13 ते 14 अंशांच्या गार कंटेनरमधून. त्याखाली तापमान गेलं की साल काळवंडते, वर गेलं की वाटेतच पिकते. मग मुलांना विचारा : दुबईच्या दुकानदाराला केळी कशी हवी, आणि आपल्या वखारीतल्या केळीपेक्षा त्यात काय वेगळं? निर्यातीचं पॅकिंग करणाऱ्या पालकाला बोलवा. 25 मिनिटं, हातात एक फणी आणि एक खोका, भाषण नाही. मुलांनी प्रश्न आदल्या दिवशी लिहून द्यायचे. आयत्या वेळी 'काही प्रश्न?' म्हटलं की वर्ग हमखास गप्प बसतो.

जेवणाचा दिवस करायचाच असेल तर ताटच उलगडा. कळण्याच्या भाकरीतली ज्वारी मूळची आफ्रिकेतली, शेवभाजीतली मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगिजांबरोबर आलेली. भरिताचं वांगं मात्र आपल्याच भूभागातलं. जगाच्या नकाशावर दोरे ताणले की पाचवीच्या मुलालाही कळतं.

सातपुडा_पायथा

वर सगळ्यांनी बोलण्यावर लिहिलं, मी ऐकण्यावर लिहिते. दुसऱ्याच्या जागी उभं राहता येणं हे खरं कठीण. पिसा ही 15 वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी. 2018 मध्ये तिच्यात जागतिक क्षमतेची वेगळी चाचणी घेतली होती. तिच्या चौकटीतही दुसऱ्याचा दृष्टिकोन समजून घेणं हा स्वतंत्र भाग होता.

सध्या 'मॉडेल यूएन'चं, म्हणजे मुलांनी एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन संयुक्त राष्ट्रांची सभा भरवण्याचं, पेव फुटलं आहे. कोट घातलेली मुलं, इंटरनेटवरून उतरवलेली भाषणं, शेवटी प्रमाणपत्र. पद्धत वाईट नाही, पण मुलांना ज्या देशाबद्दल काहीच माहीत नाही त्याची बाजू ती कशी मांडणार? आधी तापीची परिषद घ्या.

तापी मुलताईला उगम पावते, 724 किलोमीटर वाहते आणि सुरतेपाशी समुद्राला मिळते. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात. चांगदेवला पूर्णा येऊन मिळते, पुढे हतनूर धरणाचे 41 दरवाजे, मग सारंगखेडा आणि प्रकाशाचे बॅरेज, मग गुजरातेतलं उकाई धरण आणि शेवटी सुरत. ऑगस्ट 2006 मध्ये सुरतेत पूर आला तेव्हा उकाईतून पाणी कधी आणि किती सोडायचं हाच कळीचा प्रश्न होता. एवढी नदी मुलांच्या रोजच्या ओळखीची आहे.

40 मुलांचे सहा गट करा : मध्य प्रदेशातला वरचा भाग, हतनूरचं पूरनियंत्रण, रावेरचे केळीवाले, उकाईच्या फुगवट्यात जमीन गेलेली नवापूरकडची गावं, उकाईचे अभियंते, सुरत शहर. तीन तास लागतात. पहिल्या तासात प्रत्येक गटाने एका कागदावर तीनच गोष्टी लिहायच्या : आम्हाला काय हवं, आम्ही काय सोडू शकतो, आमची भीती कशाची. दुसऱ्या तासात प्रत्येकी 90 सेकंद बोलणं आणि मग गटागटांत वाटाघाटी. तिसऱ्या तासाला घंटा झाली की गट बदलायचे. सुरतवाले नवापूरचे होतात, केळीवाले अभियंते होतात. आणि ठराव त्या नव्या जागेवरून लिहायचा.

तिसरा तास वगळू नका. बहुतेक ठिकाणी वेळ नाही म्हणून तोच कापतात आणि मग उरते ती नुसती वादविवाद स्पर्धा. गट बदलल्यावर मुलं आपल्याच मघाच्या मागण्यांवर शंका घेऊ लागतात, मी ज्याला ऐकणं म्हणते ते इथे घडतं.

हे जमलं की तीच चौकट नाईल नदीला लावा. इथिओपियाने ब्लू नाईलवर मोठं धरण बांधलं, खाली सुदान आणि इजिप्त. ज्यांनी हतनूर-उकाई भांडून पाहिलं त्यांना इजिप्तची भीती दोन मिनिटांत समजते.

एक अडचण सांगून ठेवते. धडगाव-अक्कलकुव्याकडची काही गावं नर्मदेवरच्या धरणात गेली. तिकडून आलेली मुलं वसतिगृहात असतील तर विस्थापितांच्या गटात त्यांनाच घालू नका. ज्याच्या घरची जखम आहे त्याच्यावर ती मांडायचा भार टाकू नये. तो स्वतःहून बोलला तर गोष्ट वेगळी.

तापीकाठ

सातपुडा ताई, हे जसंच्या तसं उतरवून घेतलं. आता पुढचा प्रश्न. परदेशी शाळेशी व्हिडिओ कॉल करावा असा पालकांचा आग्रह असतो. त्यातून खरंच काही निघतं का?

मध्यान्ह

नुसता 'हॅलो हॅलो' कॉल असेल तर काही निघत नाही. दोन्हीकडची मुलं हात हलवतात, पंख्याच्या आवाजात शब्द बुडतात, अर्ध्या तासाने सगळे कंटाळतात. दोन्हीकडच्या मुलांना एकमेकांची गरज लागेल असं काम असायला हवं. सगळ्यात सोपं काम म्हणजे सावली मोजून पृथ्वीचा घेर काढणं. एराटोस्थेनीसने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी केलं तेच.

जळगाव 21 अंश उत्तर अक्षांशावर आणि साडेपंच्याहत्तर अंश पूर्व रेखांशावर आहे. त्याच रेखांशाच्या आसपास नकाशावर वर जात राहा, किरगिझस्तानची राजधानी बिश्केक लागते. अक्षांश 42.87. आपल्याकडच्या पालकांना हे नाव अनोळखी नाही, भारतातली कितीतरी मुलं तिथे डॉक्टरकी शिकायला जातात. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास पुढे, त्यामुळे दोन्ही शाळा एकाच वेळी भरलेल्या असतात. अमेरिकेतल्या शाळेशी जोडून घेतलं की कुणाला तरी रात्री जागावं लागतं आणि तिसऱ्या कॉलला ते गळतं.

साहित्य : 1 मीटर सरळ काठी, गवंड्याचा ओळंबा, पांढरा ड्रॉइंग पेपर, पेन्सिल, टेप. 22 सप्टेंबरच्या सुमारास जळगावला सूर्य डोक्यावर येतो तो 12 वाजून 20 मिनिटांनी, बरोबर बाराला नाही. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत. हे 'का' मुलांना आधी काढू द्या. 12 पासून 12.40 पर्यंत दर 5 मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा. सगळ्यात आखूड सावली ती मध्यान्हीची.

जळगावला ती सुमारे 38.4 सेंटिमीटर भरते, काठीच्या टोकाशी ऊन आणि काठी यांतला कोन 21 अंश. बिश्केकला सुमारे 92.8, कोन 42.9 अंश. फरक 21.86 अंश. दोन्ही गावांतलं सरळ अंतर सुमारे 2,430 किलोमीटर. 2,430 गुणिले 360 भागिले 21.86, उत्तर 40,000 च्या जवळ. खरा घेर साधारण तेवढाच. आठवीला त्रिकोणमितीतला टँजेंट येत नाही म्हणून अडू नका, कागदावर काटकोन त्रिकोण प्रमाणात काढून कोनमापकाने मोजता येतो.

चूक होते ती काठी तिरकी असल्याने. 1 अंश तिरकी म्हणजे टोक फक्त पावणेदोन सेंटिमीटर सरकलेलं असतं, डोळ्याला कळत नाही, पण त्यामुळे घेर 2,000 किलोमीटरने चुकतो. बिश्केकऐवजी केरळातल्या कन्नूरची शाळा घेतली तर अंतर सुमारे 1,000 किलोमीटरच राहतं आणि तेवढ्याच तिरकेपणाने जवळजवळ 5,000 ची चूक येते. जोडी जितकी लांबची तितकं उत्तर भरवशाचं. म्हणून ओळंबा दोन बाजूंनी लावा, एकीकडून सरळ दिसणारी काठी दुसरीकडून कललेली असू शकते. काठीची उंची जमिनीपासून मोजा, मातीत रोवलेला भाग धरू नका.

कॉल दोनच. पहिला 15 मिनिटांचा, पद्धत ठरवायला. दुसरा मोजल्यानंतर, आकडे जुळले नाहीत तर कुणाचं चुकलं ते शोधायला. खरं इंग्रजी या दुसऱ्या कॉलमध्ये बोललं जातं. तिकडच्या मुलांचंही इंग्रजी शिकलेलंच असतं, त्यामुळे आपल्या मुलांना दबून जायचं कारण उरत नाही.

पांझरा

नियम आणि पैसा यावर थोडं लिहितो, कारण चांगले बेत इथेच मोडतात.

महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ बंधनकारक आहे आणि कार्यकारी समितीतले पालक सोडतीने निवडतात. सोडत खरोखर काढा. ओळखीचे चार पालक बसवले की बाकीचे शाळेकडे गिऱ्हाईक म्हणून बघू लागतात. वरच्या सगळ्या उपक्रमांना पालकांचे हात लागतात, ते तिथूनच मिळतात.

शिक्षण हक्क कायद्याखाली 25 टक्के जागांवर आलेली मुलं त्याच वर्गात बसतात. उपक्रमाचं सामान घरून आणायला सांगितलं की तीच मुलं गैरहजर राहतात. वर्गाच्या नावाने एक पेटी ठेवा, सामान शाळेचं, कुणी काही आणायचं नाही. कोट, टाय, भाड्याचे पोशाख बंद.

परदेशी कॉलसाठी : शिक्षकाचंच खातं, मुलांची पूर्ण नावं आणि नंबर पडद्यावर नकोत, रेकॉर्डिंग नको. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. संमतीपत्र मराठीत द्या. इंग्रजी छापील कागदावर न वाचता केलेली सही ही संमती नव्हे.

आणि बस. 'शाळा सुटल्यावर क्लब' ठेवला की बसची मुलं बाद. शनिवारचे शेवटचे दोन तास जोडून घ्या. एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली की तेही आवळतात, म्हणून मोठे उपक्रम जुलै ते जानेवारीतच संपवा.

गिरणाई

एक भर घालते. अमळनेरला साने गुरुजी प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढत. पुढे त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली, एका प्रांताने दुसऱ्याची भाषा आपुलकीने शिकावी म्हणून. दोन्ही धागे आज जोडता येतात. आठवड्याला एक भित्तिपत्रक, दोन ड्रॉइंग पेपर, चार मुलांचं संपादक मंडळ दर पंधरवड्याला बदलतं. एक बातमी गावची, एक देशाची, एक जगाची, आणि तिन्हींत सामाईक काय ते चार ओळींत. प्रत्येक बातमीखाली ती कुठून कळली ते लिहायचं. 'व्हॉट्सअ‍ॅपवर आलं' चालणार नाही, दोन जागी सापडली तरच छापायची. एवढ्या एका नियमाने मुलांना वाचायचं कसं ते कळतं.

सहल काढायची असेल तर अजिंठा, जळगावपासून साठेक किलोमीटर. सोमवारी बंद असतं. चित्रांतला निळा रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा आहे, तो कुठल्या वाटेने आला असेल हा एकच प्रश्न चार-चार मुलांच्या गटाला देऊन आत सोडा. वीस लेण्यांची धावती फेरी नको. पहिलं आणि सतरावं निवांत बघितलं तरी पुष्कळ झालं.

तापीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. यंदा तीनच गोष्टी बैठकीत मांडतो : रोजची 8 मिनिटं, तापीची परिषद आणि सावली. मध्यान्ह सर, शेवटची शंका. 22 सप्टेंबरला आपल्याकडे ढग असण्याचीच शक्यता जास्त. मग?

मध्यान्ह

22 तारखेलाच करायला हवं असं काही नाही. दोन्हीकडे एकाच दिवशी मोजलं की झालं, कोनांतला फरक तेवढाच येतो. 20 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबर अशी खिडकी ठेवा आणि सकाळी 11 वाजता दोन्ही शिक्षकांनी एकमेकांना आकाशाचा फोटो पाठवून आजचं काय ते ठरवा. ऑक्टोबरमध्ये सावली थोडी लांब भरेल आणि मध्यान्ह चार-पाच मिनिटं आधी येईल, बाकी सगळं तेच. डिसेंबरपर्यंत मात्र ढकलू नका, बिश्केकची सावली सव्वादोन मीटरच्या पुढे जाते आणि टोक इतकं फिकट होतं की खूण कुठे करायची ते समजत नाही. तिकडच्या शाळा 1 सप्टेंबरला सुरू होतात, म्हणून पहिलं पत्र ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ द्या. ते मुलांनीच लिहावं आणि त्यात आपल्या काठीचं चित्र मापांसकट असावं.